पाथरमाळच्या आया

पाथरमाळच्या रणसंग्रहालयात शिरलं की आधी सैनिक दिसत नाहीत, त्यांच्या आया दिसतात. लांबलचक दालन आहे. पायाखाली जाड काच आणि काचेखाली खंदक. खंदकात दोन हजार वर्षांपूर्वीच्या लढाईत पडलेले लोक, जसे सापडले तसेच ठेवलेले. कुणी कुशीवर, कुणी पालथा, एकाच्या बरगडीत बाणाचं लोखंडी टोक अजून रुतलेलं. आणि भिंतीवर, प्रत्येक सांगाड्याच्या बरोबर वर, एका बाईचा चेहरा. सांगाडे चारशे बारा आहेत आणि चेहरे तीनशे सत्त्याण्णव, कारण मेलेल्यांत काही सख्खे भाऊ होते.

प्रयागबाई दारातच थबकल्या. गेल्याच महिन्यात त्यांचं सहस्रचंद्रदर्शन झालं होतं, म्हणजे वयाची ऐंशी वर्षं आणि आठ महिने पुरे झाले होते. एवढ्या आयुष्यात त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं, पण एवढ्या बाया एकदम आपल्याकडे टक लावून बघताहेत, असं कधी झालं नव्हतं.

"घाबरलीस होय?" दिगंबरने विचारलं. त्याचा हात तिच्या कोपराखाली होताच.

"घाबरायचं काय त्यात? लग्नाला आल्यासारख्या उभ्या आहेत सगळ्या. पंगत तेवढी कुठं दिसत नाही."

दिगंबर खो खो हसला. हा प्रयागबाईंचा एकुलता एक मुलगा, अठ्ठावन्न वर्षांचा. तालुक्याच्या शाळेत तीस वर्षं ड्रिलमास्तर होता आणि गेल्या जूनमध्ये निवृत्त झाला होता. वडील, रंगनाथराव, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. ते जाऊन पंधरा वर्षं झाली. तेव्हापासून आईला कुठे न्यायचं तर दिगंबरच न्यायचा. एका खांद्यावर तिची उशी, दुसऱ्यावर थर्मास, खिशात गोळ्यांची डबी. रस्त्यातली प्रत्येक पायरी तो तिच्या आधी पाहायचा आणि मोठ्याने जाहीर करायचा. त्याची बायको म्हणायची, सासूबाईंना पाय दोन असले तरी डोळे चार आहेत.

पाथरमाळ त्याला नवं नव्हतं. शाळेच्या सहली घेऊन तो इथे पुष्कळदा आला होता. पण त्या वेळी इथे नुसती हाडं आणि गंजलेली हत्यारं होती. हे चेहरे अलीकडचे.

संग्रहालयाच्या मुख्य संशोधक डॉ. तस्लीम मुजावर त्याला सहलींपासून ओळखत होत्या. चाळिशीच्या, गळ्यात चष्म्याची दोरी अडकवलेल्या या बाई दारापर्यंत सामोऱ्या आल्या आणि प्रयागबाईंच्या पाया पडल्या.

"आजी, मास्तर नेहमी सांगायचे, एकदा आईला आणीन म्हणून. या, आधी याला भेटा."

त्यांनी एका सांगाड्यापाशी थांबवलं. वरच्या भिंतीवर रुंद कपाळाची, जरा त्रासलेली अशी बाई होती.

"हिला दाढदुखी असणार," प्रयागबाई म्हणाल्या. "पण एक सांग, पोरी. ही इथं मेली नाही, तिचं हाड इथं नाही. मग तिचं तोंड तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तिच्या मुलाने."

मग डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. त्यांना समजावायची आवड होती आणि समोरचं माणूस खरंच ऐकतं आहे हेही त्यांना कळत होतं.

मूल पोटात असतं तेव्हा नाळेतून त्याला अन्न मिळतं, प्राणवायू मिळतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच वाटेने आणखीही एक देवघेव होते. आपलं शरीर ज्या कोट्यवधी बारीक पेशींचं बनलेलं असतं, त्यांतल्या काही पेशी बाळातून आईत जातात आणि काही आईतून बाळात येतात. बाळ जन्मतं, नाळ कापली जाते, पण या पेशी परत जात नाहीत. त्या तिथेच घर करतात. रक्तात, काळजात, हाडाच्या आतल्या मगजात. साठ-सत्तर वर्षं, माणूस असेपर्यंत. या पाहुण्या पेशींना शास्त्रज्ञांनी नाव दिलं होतं सोबतपेशी.

"म्हणजे प्रत्येकाच्या आत त्याची आई थोडी थोडी जिवंत असते," डॉक्टर म्हणाल्या. "आणि प्रत्येक आईच्या आत तिची मुलं. ही उपमा म्हणून सांगत नाही मी, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. पाथरमाळच्या मातीत चुना भरपूर, म्हणून हाडं टिकली आणि हाडांतल्या या पेशींचे अवशेषही टिकले. पेशी एक मिळाली तरी पुरते. प्रत्येक पेशीत सबंध माणसाचा नकाशा असतो. नाक कसं, कपाळ कसं, वयाच्या विसाव्या वर्षी चेहरा कसा, साठाव्या वर्षी कसा. तो नकाशा वाचून संगणक चेहरा काढतो. त्याला आम्ही मुखलेख म्हणतो."

"मरेपर्यंत राहतात म्हणालीस?" प्रयागबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता.

"मेल्यावरही. बघा ना, हा दोन हजार वर्षं पडून आहे आणि आई अजून त्याच्या खुब्याच्या हाडात आहे."

"आणि पोराचं आईत? तेही कळतं?"

"तेही कळतं. किती मुलं झाली, जगली का गेली, काहीही असो. नऊ महिने पोटात राहिलेलं मूल आईतून पूर्ण कधीच बाहेर पडत नाही."

दिगंबर याच क्षणाची वाट पाहत होता. त्याने खिशातून दोन छापील चिठ्ठ्या काढल्या आणि आईपुढे धरल्या.

"आता ऐक. इथं नवीन कक्ष उघडलाय, सोबतकक्ष. जिवंत माणसांसाठी. बोटातून थेंबभर रक्त द्यायचं, पाऊण तासात पडद्यावर चेहरे येतात. तुझ्या रक्तातून मी निघेन, आई. दोन दिवसांचा असताना कसा होतो ते दिसेल. माझा लहानपणीचा एक फोटो नाही घरात, बाबांनी कधी काढलाच नाही. तुझ्या सहस्रचंद्रदर्शनाची भेट आहे ही. माझ्याही रक्ताची चिठ्ठी काढलीय, त्यातून तू निघशील. दोन्ही चौकटीत लावू."

प्रयागबाईंनी चिठ्ठ्यांकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या बायांकडे पाहिलं.

"माझे पाय भरून आलेत रे," त्या म्हणाल्या. "तू जा पुढे. मी बसते जरा."

"मी थांबतो."

"नको. तू जा."

डॉक्टर म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही द्या नमुना. आजींना मी थंड जागी बसवते." दिगंबरने उशी आणि थर्मास त्यांच्या हवाली केला, दर अर्ध्या तासाने आईला घोटभर पाणी द्यायला सांगितलं आणि सोबतकक्षाकडे निघून गेला.

बाजूच्या खोलीत उजेड मंद होता आणि एकच काचपेटी होती. पेटीत विशीतल्या एका बाईचा सांगाडा होता आणि तिच्या डाव्या हाताच्या बेचक्यात, कबुतराएवढी हाडं असलेलं एक तान्हं मूल.

"ही लढाईतली नाही," डॉक्टर त्यांना बाकावर बसवत म्हणाल्या. "रणभूमीपासून अर्ध्या कोसावर ओढा आहे. तिथे सैन्याच्या छावणीचं सामान सापडलं. चुली, जाती, बैलांचे नाल. सैन्याबरोबर बायकापोरंही चालायची. त्यांच्यातली ही. बाळंतपणात गेली असावी. पंधरा वर्षं या पेटीवर पाटी होती, 'माता आणि बालक'. लोक इथे येऊन रडायचे. मग आम्ही दोघांच्या सोबतपेशी तपासल्या. आजी, हे बाळ तिचं नाही."

प्रयागबाईंनी काचेवर हात ठेवला.

"तिच्या हाडांत एका मुलाच्या पेशी आहेत. पुऱ्या दिवसांचा मुलगा होता. पण तो हा नव्हे. आणि या बाळाच्या हाडांत दुसऱ्याच एका बाईच्या पेशी आहेत. ती बाई आम्हाला कुठेच सापडली नाही. हिचा मुलगाही सापडला नाही. मी यावर निबंध लिहिलाय, सात तर्क दिलेत. अनाथ बाळाला शेजारी पुरलं असेल, काही धार्मिक विधी असेल, असे. एकही मला स्वतःला पटत नाही."

"हिचं जिवंत होतं," प्रयागबाई म्हणाल्या.

"काय?"

"ही मेली, पण हिचं पोर जिवंत होतं. जवळच दुसरी बाळंतीण होती, तिचं मेलं होतं. तिने हिचं उचलून पदराखाली घेतलं आणि आपलं मेलेलं हिच्या कुशीत ठेवलं. हिच्या माणसांना सांगितलं, दोघंही गेली. त्यांनी दोघांना एकत्र पुरलं."

डॉक्टरांना आधी हसू आलं, कौतुकाचं. "हा आठवा तर्क. माझ्या सातांत नव्हता, आणि सगळ्या पुराव्यात बसतो. पण आजी, तुम्हाला हे कसं..."

त्यांची नजर खाली गेली. प्रयागबाईंचा हात काचेवर तसाच होता, बरोबर त्या लहान हाडांच्या वर.

त्या प्रयागबाईंच्या शेजारी बाकावर बसल्या. मग प्रयागबाईच बोलायला लागल्या. नवऱ्याशिवाय हे कुणाजवळ कधी बोलल्या नव्हत्या, आणि नवऱ्याशीही एकदाच.

"कारखान्याजवळ लहानसा दवाखाना होता. पाच खाटांचा. आज तो नाही, पाडला. माझं बाळ दोन दिवसांचं होऊन सकाळी गेलं. शेजारच्या खाटेवर ऊसतोड कामगाराची बायको होती. पोरगीच होती, एकोणीस-वीस वर्षांची. दुपारी तिला मुलगा झाला आणि ती गेली. तिचं तोंडसुद्धा मी नीट बघितलं नाही, पदर होता तोंडावर. हातावरचं गोंदण तेवढं दिसलं. तिचा नवरा टोळीबरोबर लांबच्या फडावर गेलेला, निरोप धाडला होता. पोर भुकेने रडत होतं आणि मला दूध फुटलेलं. सिस्टरने माझ्याजवळ दिलं, म्हणाली, माणूस येईपर्यंत पाजा. मी पाजलं. तीन तास ते माझ्याजवळ होतं. मग सिस्टर म्हणाली, बाई, तो माणूस आलाय, त्याला काय सांगू? तिने फक्त विचारलं हो. बोलले मी. मी म्हणाले, सांगा, दोघंही गेली."

"आणि तुमचे यजमान?"

"दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. आमचं बाळ फडक्यात बांधलेलं होतं, ते त्यांनीच स्वतःच्या हाताने त्या माणसाला दिलं. मारुती नाव होतं त्याचं. तो बायकोला आणि त्या गाठोड्याला घेऊन निघाला. जाताना माझ्या खाटेशी थांबला. पदराआडून दिगूचं डोकं दिसत होतं. म्हणाला, ताई, तुमच्या लेकराला औक्ष मिळो. कारखान्यामागच्या माळावर दोघांना एकत्र पुरलं, असं नंतर कळलं."

डॉक्टरांनी थर्मासमधलं पाणी ओतून त्यांच्या हातात दिलं. स्वतःही घोटभर प्यायल्या.

"पोरी, ते यंत्र गप्प बसवता येतं का?"

तस्लीम मुजावर यांनी चष्मा काढून दोरीवर सोडला. आजवर त्यांच्यासमोर जी माणसं होती ती सगळी मेलेली होती, त्यांचं काहीही उघड केलं तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. "येतं," त्या शेवटी म्हणाल्या. "नमुना खराब झाला असं मी सांगू शकते. त्यांचा, आणि तुम्ही दिलात तर तुमचाही. निकाल अजून पडद्यावर गेलेला नाही. मला ते योग्य वाटत नाही, पण तुम्ही सांगाल तर करीन."

"तो पुन्हा कुठंतरी जाऊन बघेल."

"बघतील. वर्षा-दोन वर्षांत ही यंत्रं प्रत्येक तालुक्याला येणार आहेत."

"माझं काय, मी जळून जाईन. हाडं मागं राहायची नाहीत. पण त्याच्यात ती बसली आहे ना." प्रयागबाईंनी काचेतल्या बाईकडे पाहिलं. "ही दोन हजार वर्षं परक्याचं पोर कुशीत घेऊन पडली आहे. आणि माझं पोर तिच्या कुशीत. मी रोज दिवा लावते तेव्हा आधी तिला हात जोडते, मग देवाला. तोंड माहीत नाही म्हणून गोंदण आठवते."

"आजी, एक विचारू? किती दिवस पाजलंत त्यांना?"

"अडीच वर्षं. सोडतच नव्हता."

"मग तुम्हाला एक सांगायला हवं. सोबतपेशी फक्त नाळेतूनच जातात असं नाही. थोड्या दुधातूनही जातात. सगळ्यांच्या बाबतीत टिकतात असं नाही, पण पुष्कळांच्या टिकतात. मास्तरांच्या रक्तात कदाचित दोन बाया असतील."

प्रयागबाई उठून उभ्या राहिल्या. "चल. यंत्राने सांगायच्या आधी मला सांगू दे."

रणभूमी संग्रहालयाच्या मागे पसरलेली आहे. नुसता खडकाळ माळ, कुसळी गवत आणि ठिकठिकाणी रोवलेले दगडी खुंट. इथे हत्ती होते, इथे धनुर्धर, इथे फळी फुटली, अशा पाट्या. दिगंबर रक्त देऊन, बोटाला कापूस लावून बाहेर आला, तेव्हा आई निंबाच्या सावलीतल्या बाकावर बसली होती आणि डॉक्टर थोड्या अंतरावर उभ्या होत्या. त्याला वाटलं, आईला चक्कर आली. तो धावतच आला.

"बस," ती म्हणाली. "माझं बोलणं होईपर्यंत मधे बोलू नकोस."

तो बसला. ती सांगत गेली, जसं आत सांगितलं होतं तसंच, काही न गाळता. 'दोघंही गेली' हे शब्द आपलेच होते, हेही तिने गाळलं नाही. सिस्टरवर ढकललं असतं तर चाललं असतं, ती सिस्टर कधीच वारली होती. पण तिने ढकललं नाही.

दिगंबर ऐकत होता. त्याचं सबंध आयुष्य मुलांना सरळ उभं राहा म्हणून सांगण्यात गेलं होतं, आणि आता तो बाकावर पाठ वाकवून, दोन्ही तळहात गुडघ्यांत घालून बसला होता. ती थांबल्यावर तो उठला आणि माळावर चालायला लागला. हत्तींच्या खुंटावरून, धनुर्धरांच्या खुंटावरून, पार कुंपणापर्यंत गेला. प्रयागबाई त्याची पाठ बघत राहिल्या. शाळेत पहिल्या दिवशी सोडलं तेव्हाही त्यांनी अशीच पाठ पाहिली होती, पण तेव्हा तो दर चार पावलांना मागे वळत होता. आज एकदाही वळला नाही.

वीस मिनिटांनी तो परत आला. डोळे लाल होते.

"त्याचं नाव काय म्हणालीस?"

"मारुती."

"आडनाव?"

"माहीत नाही. मला धीर झाला नाही विचारायचा. पुढच्या हंगामात त्यांची टोळी आलीच नाही."

"त्याने मला बघितलं होतं?"

"डोकं बघितलं. हात लावला नाही. हात उसाने काळे झाले होते त्याचे, म्हणून लावला नाही बहुतेक."

दिगंबरने खाली पाहिलं. मग तिच्या कोपराखाली हात घातला. "चल आत. तुझं रक्त द्यायचं राहिलंय."

"दिगू, नको द्यायचं असेल तर..."

"द्यायचं."

सोबतकक्षात खुर्च्या होत्या आणि समोर पडदा होता. कर्मचाऱ्यांना डॉक्टरांनी बाहेर पाठवलं. प्रयागबाईंचं रक्त यंत्रात घातल्यावर पुन्हा पाऊण तास थांबावं लागलं. मधे एकदा दिगंबरने गोळीची वेळ झाली म्हणून डबी काढली आणि गोळी तिच्या तळहातावर ठेवली.

त्याचा निकाल तयारच होता, तो डॉक्टरांनी आधी लावला. पडद्यावर हळूहळू, पाण्यातून वर यावा तसा एक चेहरा उमटला. यंत्राने वय वीस धरलं होतं. सावळी, भरल्या गालांची मुलगी. भुवया मधे जुळत आलेल्या, हनुवटीला खळगा. खाली अक्षरं आली: जन्मदात्री.

प्रयागबाईंनी दोन्ही हात जोडले. अठ्ठावन्न वर्षांनी पदर बाजूला झाला होता. "इतकी लहान होती," एवढंच त्या म्हणाल्या.

मग त्या चेहऱ्याच्या खाली दुसरा एक चेहरा यायला लागला. हा फिकट होता, रेषा तुटक होत्या, जणू यंत्राला पुरेशी सामग्री मिळत नव्हती. पण ओळखू येत होता. पातळ नाक, जरा पुढे आलेला वरचा ओठ. त्याखाली अक्षरं: रक्तसंबंध नाही. संक्रमण स्तन्यातून.

"ही तूच आहेस," दिगंबर म्हणाला.

"हो."

"अजून आहेस."

डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाल्या, "मास्तर, या पेशी जिवंत आहेत. तुमच्या हाडांच्या मगजात त्यांनी घर केलंय. जखम झाली की भरून काढायला त्याही धावतात. अठ्ठावन्न वर्षं त्या तिथे काम करताहेत."

दिगंबरने मान डोलावली. त्याला भरून आलं होतं आणि त्याने ते लपवलं नाही. आईचा हात हातात घेतला आणि दुसरा निकाल येईपर्यंत सोडला नाही.

दुसरा निकाल आला तो एका तान्ह्या बाळाचा होता. मिटलेल्या डोळ्यांचं, दोन दिवसांचं बाळ. प्रयागबाईंनी ते लगेच ओळखलं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की तो चेहरा आपण विसरलो. खाली अक्षरं होती: अपत्य, एक.

पडद्याशेजारी वयाचं चाक होतं. दिगंबरने ते हातात घेतलं आणि कुणी काही म्हणायच्या आत फिरवलं. बाळ पाच वर्षांचं झालं, मग पंधरा, मग तीस. अठ्ठावन्नावर त्याने चाक थांबवलं. समोर एक टक्कल पडलेला, शांत डोळ्यांचा माणूस होता. हुबेहूब रंगनाथराव, फक्त ओठ प्रयागबाईंचा. दिगंबर त्या माणसाकडे पाहत राहिला. ज्याच्या जागी आपण जेवलो, ज्याच्या नावाने लागलेल्या खाटेवर निजलो, ज्याच्या आईचं दूध प्यायलो, तो माणूस.

"ही देवघेव दुधातून उलटीही होते का, मॅडम?" त्याने विचारलं. "म्हणजे पिणाऱ्याकडून पाजणारीकडे?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "एकाच बाजूने जातं. टिकावं असं परत काही जात नाही."

तो पुन्हा पडद्याकडे वळला. मग आईकडे न बघता म्हणाला, "म्हणजे तू माझ्यात आहेस. आणि मी तुझ्यात नाही."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. लहानपणी गणिताचं उत्तर पुन्हा एकदा तपासून बघायचा, तसा तो बोलला होता. प्रयागबाईंनी उत्तर शोधलं. लाडाचं, समजुतीचं, आजवर त्याला दिलं होतं तसलं कुठलं तरी. पण आज सगळं खरंच बोलायचं ठरवलं होतं.

"नाहीस," त्या म्हणाल्या. "यंत्रात नाहीस."

बाहेरच्या खिडकीशी मुखलेख छापून मिळत होते. पहिल्या कागदावर वर ती मुलगी होती आणि खाली फिकट प्रयागबाई. खिडकीवरच्या माणसाने तो लिफाफ्यात मावावा म्हणून मधोमध दुमडायला घेतला. दुमड बरोबर दोन चेहऱ्यांच्या मधून जाणार होती. दिगंबरने हात पुढे करून तो काढून घेतला आणि त्याची गुंडाळी केली.

गाडीत बसल्यावर प्रयागबाईंनी विचारलं, "मी धरू का ती?"

"असू दे," तो म्हणाला आणि गुंडाळी स्वतःच्या मांडीवर ठेवली.

माळ मागे पडला. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "उद्या मी त्या कारखान्याकडे जाऊन येतो. जुने लोक असतील कुणी तिकडे. चेहरा दाखवला तर ओळखतील."

"मीही येते. मारुती असला तर त्याच्यापुढे मीच उभी राहायला हवी."

"नको. आधी मी एकटा जातो."

आयुष्यात तो तिला कुठे नेताना नको म्हणाला नव्हता. प्रयागबाईंनी मान वळवली. संध्याकाळचं ऊन त्याच्या तोंडावर पडलं होतं आणि त्या त्याच्याकडे एकटक बघत होत्या. हा चेहरा त्यांनी न्हाऊ घातला होता, गोवरात रात्रंदिवस पुसला होता, मुंडावळ्या बांधताना डोळे भरून पाहिला होता. लोक म्हणायचे, पोरगा मामावर गेलाय, आणि शेवटी शेवटी त्यांना स्वतःलाही त्यात मामा दिसायला लागला होता. आता मामा दिसेना. गाल त्या मुलीचे होते. भुवया तिच्या होत्या. हनुवटीचा खळगा तिचा होता. इतकी वर्षं पदराआड असलेली ती मुलगी त्यांच्या शेजारी बसून गाडी चालवत होती, आणि कितीही प्रयत्न केला तरी त्यांना तिच्यामागचा दिगू दिसेना.

ती हनुवटी हलली.

"पुढच्या फाट्यावर चहा घेऊ या का, आई?" दिगूच्या आवाजात तिने विचारलं.